सहावी घडी

फोन आला तेव्हा मी बाबांच्या पायाची नखं कापत होते. रविवार होता, कोर्टाला सुट्टी. दोन्ही हात अडकलेले म्हणून फोन स्पीकरवर टाकून स्टुलावर ठेवला. पलीकडून दिल्लीच्या एका साहित्यसंस्थेचे सचिव बोलत होते. माणूस मराठीच होता. कवितेतल्या आयुष्यभराच्या कामाबद्दल देशातल्या एका कवीला दर वर्षी त्यांचा पुरस्कार मिळतो, तो या वर्षी बाबांना द्यायचं ठरलंय, असं ते म्हणाले.

"कोणाला?" बाबांनी विचारलं.

"आपल्याला, सर."

"नंबर चुकला नाही ना? बघा बुवा. आमच्याकडे एकदा गॅसवाल्यानं शेजाऱ्यांचा सिलिंडर आणून ठेवला होता."

सचिव मोठ्यानं हसले. मीही हसले. मग ते म्हणाले, "सर, एका कवितेवर तर समितीतल्या सगळ्यांचंच एकमत झालं. ती साड्यांच्या घड्यांची. आणि तिचा तो शेवट..."

मी झडप घालून स्पीकर बंद केला. फोन कानाला लावला आणि ओरडले, "हॅलो, आवाज तुटतोय, मी गॅलरीत जाऊन बोलते!" आवाज मुळीच तुटत नव्हता. बाबा एक पाय माझ्या पाटावर ठेवून तसेच बसले होते, चार नखं कापलेली आणि अंगठा राहिलेला.

त्या कवितेचा शेवट बाबांचा नव्हता. माझा होता. आणि बाबांना ते ठाऊक नव्हतं.

हे कसं झालं ते नीट सांगायला हवं, नाहीतर मी फारच पाताळयंत्री बाई वाटेन. तशी मी तापट आहे, पण कारस्थानी नाही.

काचबिंदूनं बाबांची नजर गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून त्यांची कविता मीच लिहून घेते. मी कोर्टात स्टेनो. लोकांची बोलणी कागदावर उतरवण्यातच माझा जन्म गेला. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत सकाळी पाणी भरून झालं की बाबा खाटेच्या कडेला बसायचे, काठीच्या मुठीवर हनुवटी टेकायचे आणि दोन, फार तर चार ओळी सांगायचे. कोर्टात एक रीत आहे. साक्षीदाराचा जबाब लिहून झाला की तो त्याला वाचून दाखवायचा. तो 'बरोबर आहे' म्हणाला की मग त्याची सही. वाचून दाखवल्याशिवाय जबाब पुरा होत नाही. तीच रीत मी घरी आणली होती. मी वाचायची, बाबा ऐकायचे, "बरोबर" म्हणायचे आणि मी पानाच्या तळाशी बरोबरची खूण करायची. ज्या पानावर खूण नाही ते पान घराबाहेर जाणार नाही, हा आमचा करार होता.

बाबा या बाबतीत भलते कडक. पूर्वी एका संपादकानं पानात बसावी म्हणून त्यांच्या कवितेच्या चार ओळी गाळल्या होत्या. तो नंतर पेढ्यांचा पुडा घेऊन माफी मागायला आला. बाबांनी त्याला चहा पाजला, पेढा खाल्ला आणि म्हणाले, "पेढे ठेवून घेतो. कविता मात्र तुम्हाला यापुढे नाही." आणि खरंच पुन्हा कधी दिली नाही. नगरपालिकेत कारकुनी करणाऱ्या माणसाला एवढा ताठा कुठून आला, असं आई म्हणायची.

आई गेली आणि बाबा तिच्या साड्यांच्या मागे लागले. लोखंडी कपाटात तिच्या साड्यांची चळत होती. बाबा एकेक साडी काढायचे, मांडीवर उलगडायचे, काठावरून बोटं फिरवायचे आणि पुन्हा घडी घालून ठेवायचे. "देऊन टाकूया कोणाला तरी," असं मी एकदा म्हटलं तर दोन दिवस बोलले नाहीत. आणखी एक खोड म्हणजे साड्या काढायच्या आधी ते मला खिडकी लावायला सांगत. मे महिन्यात, दहा बाय बाराच्या खोलीत, खिडकी बंद! माझा जीव घुसमटायचा. मी पाच मिनिटांत ती धाडकन उघडायची आणि वर तोंडाचा पट्टा सुरू. बाबा काही बोलायचे नाहीत, हातातली साडी तेवढी घडी घालून ठेवायचे.

दोन वर्षांनी त्यांनी ती कविता सांगायला घेतली. रोज दोन ओळी.

पहिल्या घडीला जरीचा काठ टोचतो,
दुसरीला तुझी पिन अजून तिथंच.

तिसरी साडी हिंदमात्याच्या दुकानात भांडून घेतलेली. चौथीच्या काठाला भाजीतल्या तेलाचा डाग. पाचवी नेसायचीच राहिलेली. मग एका सकाळी ते म्हणाले,

सहावी घडी उलगडली, तेव्हा

आणि थांबले. मी पेन धरून बसले. "पुढे?"

"उद्या," बाबा म्हणाले.

तो उद्या आलाच नाही. दुपारी त्यांना सणकून ताप भरला, दुसऱ्या दिवशी परळच्या एका हॉस्पिटलात ऑक्सिजन लावावा लागला. त्याच धामधुमीत एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन. कविता त्यांना कबूल केलेली होती, पान मोकळं ठेवलं होतं, अंक दुसऱ्या दिवशी छपाईला जाणार होता. मी अर्धी कविता आहे म्हटलं तर ते म्हणाले, "ताई, पुरी करून घ्या ना त्यांच्याकडून. दोन ओळींचा तर प्रश्न आहे."

त्यांच्याकडून? नाकातोंडावर मास्क लावलेला माणूस, मला ओळखतही नव्हता.

त्या दिवशी सकाळीच मी बाबांचे कपडे न्यायला घरी गेले होते. कपाट उघडलं आणि काय मनात आलं कोण जाणे, आईची ती सहावी साडी काढून तोंडाला लावली. डांबरगोळ्यांचा वास आला. आईचा नाही. मी कपाटासमोर फरशीवर बसून रडले. आई गेल्यावरसुद्धा तशी रडले नव्हते. दुपारी हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी वही उघडली आणि 'तेव्हा'च्या खाली लिहिलं,

वास निघून गेलेला होता
आणि हातात नुसतं कापड होतं.

खरं सांगते, लिहिताना मला चोरी केल्यासारखं वाटलं नाही. वाटलं, बाबांना हेच म्हणायचं असणार. पाठवून दिली. पानाखाली खूण मात्र केली नाही. तेवढी लाज होती.

बाबा घरी आले. पहिल्याच सकाळी विचारलं, "बाय, ती साड्यांची कविता?"

तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलंही. पण ते इतके अशक्त दिसत होते आणि मला त्या पेढेवाल्या संपादकाची आठवण झाली. मी म्हणाले, "दिली अंकाला. होती तशीच. 'तेव्हा'वर थांबलेली."

बाबांनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवली. मग म्हणाले, "बरं केलंस. तिथंच थांबायला हवी ती."

एक खोटं लपवायला शंभर खोटी बोलावी लागतात म्हणतात, त्याचा हिशेब मला विचारा. अंक आल्यावर मी त्यांना कविता 'तेव्हा'पर्यंतच वाचून दाखवली. संग्रह निघाला तेव्हाही तेच. त्यांचं बाहेर जाणं तोवर बंद झालं होतं. पत्रं, परीक्षणं, जे काही त्यांच्यापर्यंत पोचायचं ते माझ्याच तोंडून. परीक्षणांत नेमक्या त्या दोन ओळी छापलेल्या असायच्या, मी त्या सराईतपणे गाळायची. घोडपदेवहून एक कॉलेजची मुलगी बाबांच्या पाया पडायला आली. "तुमची ती शेवटची ओळ..." असं तिनं म्हणताच मी हातातला चहाचा कप सोडून दिला. आईच्या सेटमधला कप होता. मुलगी बिचारी काचा वेचत बसली.

आणि आता हा पुरस्कार.

आठवड्याभरात मानपत्राचा मसुदा ईमेलनं आला, बाबांना वाचून दाखवून संमती कळवा म्हणून. मानपत्राच्या अगदी मधोमध त्या दोन ओळी होत्या. मी बाबांना मसुदा वाचून दाखवला, त्या ओळी सोडून. "बरोबर," बाबा म्हणाले. मी संमती कळवून टाकली आणि चार दिवसांनी न राहवून गॅलरीतून सचिवांना फोन केला. म्हटलं, दुसऱ्या कुठल्या ओळी घाला. ते म्हणाले, "मॅडम, मानपत्र अध्यक्षांच्या सहीनं छापायला गेलं. आणि का बदलायच्या? त्याच तर ओळी आहेत."

कोर्टात माझ्या शेजारच्या टेबलावर एक स्टेनो आहे, गिरगावातली ख्रिश्चन, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिला डबा खाताना सगळं सांगितलं. तिनं चमचा खाली ठेवला.

"ए बाई, कोर्टात असं अ‍ॅड केलं असतंस तर घरी बसवली असती तुला."

"माहितीये."

"मग सांगून टाक ना गं. एकदाच काय ती बोंबाबोंब होईल. फंक्शनला त्यांनी माइकवर ऐकलं तर? आंधळा माणूस आहे, बहिरा नाय."

"पुरस्कार परत करतील ते. या वयात. चाळीनं खाली मांडव घालायचं ठरवलंय."

"ते करतील काय पण, त्यांचा पुरस्कार आहे," ती म्हणाली. "तुझा आहे काय?"

तिचा मला भयंकर राग आला, कारण तिचं बरोबर होतं.

सांगायचं ठरवलं. पहिल्या दिवशी सकाळी वही घेऊन बसले तर शेजारीण पेढे घेऊन आली आणि उठेचना. दुसऱ्या दिवशी शिवायला टाकलेला रेशमी कुर्ता आला. बाबांनी तो मांडीवर घेतला, शिवण चाचपली, बटणं मोजली आणि म्हणाले, "तुझी आई असती तर म्हणाली असती, रंग तुम्हाला शोभत नाही." आणि एकटेच हसले. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मी गप्प बसले. तिसरा दिवस समारंभाचाच होता.

वयामुळे बाबांना दिल्लीला नेता येत नव्हतं, म्हणून संस्थेची माणसंच इकडे आली होती. दादरच्या एका छोट्या सभागृहात सकाळी अकराला कार्यक्रम.  सभागृहात शिरताच मी निवेदकाला गाठलं, पंचविशीतला, गोड आवाजाचा, आणि म्हटलं, "मानपत्रातल्या त्या दोन ओळी वाचू नका. प्लीज." तो "बघतो हं मॅडम" म्हणाला आणि कोणाच्या तरी मागे धावला. मी पहिल्या रांगेत बसले. बाबा स्टेजवर मधल्या खुर्चीत, गुडघ्यांमध्ये काठी.

शाल झाली, श्रीफळ झालं. मानपत्र सुरू झालं. निवेदकानं ते झकास वाचलं. मधोमध आल्यावर तो थांबला, आवाज खाली आणला आणि त्या दोन ओळी म्हटल्या. वर पुन्हा एकदा म्हटल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी बाबांच्या हातांकडे बघत होते. काठीवर चाळा करणारी बोटं थांबली होती.

मग त्यांना दोन शब्द बोलायची विनंती झाली. माइक त्यांच्या तोंडाशी धरला. बाबांनी आभार मानले नाहीत, काही नाही. सरळ कविता म्हणायला लागले. पहिली घडी, दुसरी घडी. आवाज बारीक, पण एक शब्द चुकला नाही. पाचवी झाली. "सहावी घडी उलगडली, तेव्हा," ते म्हणाले आणि थांबले.

सभागृह वाट बघत राहिलं. कोणीतरी खोकलं. निवेदकाला वाटलं म्हातारबाबा अडकले. त्यानं वाकून हळूच ओळ सांगितली, "वास निघून गेलेला होता..."

"ते माझं नाही," बाबा म्हणाले.

"सर, तुमच्याच कवितेतलं..."

"माझं नाही म्हणतो ना. वास गेलेला नाही. कपाटात आहे अजून."

दोघेचौघे हसले, चुकून हसल्यासारखे. माझ्या मागची बाई शेजारणीला म्हणाली, "अगं, वय झालंय. स्वतःचीच कविता आठवत नाहीये बिचाऱ्यांना." सचिव उठले. निवेदकानं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइकमध्ये म्हणाला, "सर थकलेत, आपण समजू शकतो." लहान मुलाला बसवावं तसं त्यानं त्यांना खुर्चीत मागे टेकवलं. बाबा मान इकडेतिकडे फिरवत होते. मला शोधत होते ते.

सगळ्या सभागृहात एकट्या मला ठाऊक होतं की या माणसाचं डोकं शाबूत आहे. मी गप्प बसले असते तर सगळं निभावलं असतं. म्हाताऱ्याला भ्रम झाला, एवढंच लोक म्हणाले असते आणि पुरस्कारही राहिला असता. माझी खुर्ची मला सोडत नव्हती, खोटं कशाला बोलू. मग बाबा माइक नसताना म्हणाले, "बाय, आहेस का गं?"

मी उठले. स्टेजवर न जाता तिथूनच बोलले. "त्यांचं बरोबर आहे. त्या दोन ओळी त्यांच्या नाहीत. ते आजारी असताना मी घातल्या. त्यांना वाचून दाखवल्या नव्हत्या."

पुढे काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. अध्यक्ष सचिवांच्या कानाला लागले. निवेदकाच्या हातातलं मानपत्र खाली आलं. मागची बाई एकदम गप्प झाली, याचं मात्र मला त्याही वेळी बरं वाटलं.  बाबा चहाला थांबले नाहीत.

टॅक्सीत मी त्यांच्या शेजारी बसले. हिंदमात्याच्या सिग्नलला गाडी थांबली, दुकानांबाहेर साड्या टांगलेल्या होत्या. तिथं पहिल्यांदा त्यांनी तोंड उघडलं.

"उद्या त्यांना पत्र लिही. घडलं ते सगळं. पुरस्कार ठेवायचा की न्यायचा ते त्यांचं त्यांना ठरवू दे."

"हो."

"आणि मला वाचून दाखव."

"हो, बाबा."

पुढे त्या पत्राला उत्तर आलं, की हा सन्मान एका कवितेचा नाही, आयुष्यभराच्या कामाचा आहे आणि तो बाबांचाच आहे. पण ते नंतर. त्या दुपारी आम्हाला काही माहीत नव्हतं. मांडवाखालून जाताना चाळीतल्या लोकांनी हार घातले, बाबांनी मान वाकवून घालून घेतले, आणि मी चोरासारखी मागून जिना चढले.

घरात आल्यावर त्यांनी काठी भिंतीला लावली. "खिडकी लाव."

मी लावली. कपाटाचं दार करकरलं. चळतीतून बोटांनी मोजत त्यांनी सहावी साडी काढली, खाटेवर बसले, उलगडली आणि माझ्याकडे धरली.

"घे. वास घे."

मी साडीत तोंड घातलं. खूप वेळ. देवाची शपथ, मला यायला हवा होता तो वास.

"येतो ना?" बाबांनी विचारलं.

त्या दिवशी तरी पुन्हा खोटं बोलणं मला शक्य नव्हतं. "नाही, बाबा. मला नाही येत. डांबरगोळ्यांचाच येतो."

 त्यांनी हात पुढे करून साडी परत घेतली, गालाला लावली.

"मग तुझ्या ओळी खऱ्या आहेत," ते म्हणाले. "तुझ्यापुरत्या. वेगळ्या कागदावर लिही, तुझ्या नावानं. माझ्या कवितेत नकोत. मला येतो."

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, "वही आण. ते पान काढ."

ते पान मी इतक्या वर्षांत एकदाही उघडलं नव्हतं. माझ्या दोन ओळींवर रेघ मारली आणि पेन धरून बसले. हनुवटीखाली काठी नव्हती म्हणून बाबांनी साडीचीच गुंडाळी धरली.

"लिही. मी आधी खिडकी लावून घेतली."

पेन कागदावर टेकेना. दर वेळी ती खिडकी धाडकन उघडणारी मी होते. ती का लावायची, ते बाबांनी एकदाही सांगितलं नव्हतं.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"वाचून दाखव."

मी वाचलं. सहावी घडी उलगडली, तेव्हा मी आधी खिडकी लावून घेतली.

"बरोबर," बाबा म्हणाले. मी पानाच्या तळाशी खूण केली. खोलीत उकडत होतं. खिडकी मी तशीच बंद राहू दिली.